वाहकासाठी राखीव

"बाकी मी काहीच विचारत नाही, भाऊ. एवढंच सांगा. मुलगा वाहक आहे का?"

मुलाच्या मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, मिशीला लागलेली शेव रुमालानं पुसली आणि एकदम खुलून म्हणाले, "हौ, वाहकच आहे. आम्ही काहून लपवू?"

झालं. माझं मनच खचलं. मुलगा चांगला वाटत होता हो. आल्या आल्या चपला नीट कडेला काढून ठेवल्या होत्या, पाणी पिऊन पेला स्वतः आत आणून दिला होता. पण मला एकच गोष्ट बघायची होती आणि तीच आडवी आली. मी उठले, रिकाम्या बशा गोळा करायला लागले.

"मग नाही जमत, भाऊ," मी म्हटलं. "चहा घ्या आणि राग नका धरू. माही पोरगी पण वाहक आहे."

मामा माझ्याकडे बघतच राहिले. मग मुलाच्या आईकडे, मग माझ्या करुणाकडे. "पोरगी पण? आम्हाले तर सांगितलं का शाळेत शिकवते."

"शाळेतच शिकवते."

"मग एसटीत कधी लागली?"

कोपऱ्यात गादीवर माझा दीपू बसला होता. आज दीपू नाही, पण तेव्हा होता, आणि असा हसायला लागला की त्याला ठसका लागला. करुणानं तोंडाला ओढणी लावली. माझ्याच डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. मुलगा एसटीत आहे एवढं मला मधल्या माणसानं सांगितलं होतं, पण काय आहे ते मी विचारलं नव्हतं. तो कंडक्टर होता. आमच्याकडे सगळे कंडक्टरच म्हणतात, पण नोकरीच्या कागदावर वाहक लिहिलेलं असतं, आणि मामांना त्या कागदाचा भारी अभिमान.

आमच्या घरात मात्र त्या शब्दाचा एकच अर्थ होता. ज्याच्या रक्तात सिकलसेल आजाराचा अर्धा वाटा असतो तो वाहक. त्याला स्वतःला काही होत नाही. खातो, पितो, काम करतो, आणि तसाच वाहक जोडीदार मिळाला तर दोघं मिळून पोराच्या पदरात तो आजार पुरा टाकतात. मी वाहक. करुणाचे बाबा होते तोवर तेही वाहक. आमच्या लग्नात हे कोणाला ठाऊक? आम्ही बौद्ध माणसं, पत्रिकासुद्धा बघत नाही, तर रक्त कोण बघणार. करुणा झाली ती वाहक. तिच्यानंतर दीपू झाला, आणि त्याला दोन्हीकडून आलं. डॉक्टरीणबाईंनी मला रुपयाचा हिशेब सांगून समजावलं होतं. चार आणे लेकरू आजारी निघतं, आठ आणे वाहक, चार आणे एकदम चांगलं, आणि दर बाळंतपणाला हा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. दीपू मोठा झाल्यावर स्वतःला चार आणे म्हणायचा आणि बहिणीला आठ आणे.

तर हे सगळं दीपूनंच त्या दिवशी पाहुण्यांना सांगितलं. त्याला बोलायला फार आवडायचं, आणि ऐकायला नवीन माणसं मिळाली होती. म्हणाला, रक्त म्हणजे नुसतं लाल पाणी नाही. नळीत भरून ठेवलं की ताकासारखं होतं, वर पिवळसर निवळ येते आणि खाली लाल बसतं. त्या लालमधल्या पेशी गोल असतात, नरम असतात, छातीतून हवा उचलायची आणि अंगभर नेऊन टाकायची एवढंच त्यांचं काम. "तुमच्यासारखंच आहे," तो संदेशला म्हणाला. संदेश म्हणजे तो मुलगा. "सवारी चढवायची, सवारी उतरवायची. माझ्या गाड्या विळ्यासारख्या वाकड्या होतात अन् अरुंद गल्लीत फसतात. मागं सगळा जाम लागतो. जिथं जाम लागला तिथं दुखते."

संदेश पुढे सरकून ऐकत होता. बाकीच्यांचं हसणं थांबत नव्हतं. मुलाची आई डोळे पुसत म्हणाली की असं सोयरपण तिनं बघितलं नाही. आणि दीपूनं शेवटी वर मीठ टाकलं. "आई, म्हणजे एसटीत कंडक्टरच्या सीटवर तुझा हक्क आहे ना? लिहिलेलंच असते, वाहकासाठी राखीव. उगाच उभी राहते तू."

त्या हसण्यात सगळं जमलं. तारीखही धरली साक्षगंधाची. भांडी घासायला बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर मला कोणी दिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी करुणाला फोन करायला लावला. संदेश म्हणाला, कधी तपासलं नाही, पण तपासून घेतो. मामा म्हणाले, आमच्या घरात तसलं काही नाही. मग त्याची ड्युटी बदलली, मग आगारात माणसं कमी पडली, आणि तपासणी आज-उद्या करत लांबली. मी रोज करुणाला आठवण करत होते, ती त्याला करत होती. आता कोणाला खोटं वाटेल, पण त्या दिवसांत मी खूश होते. मुलींच्या वसतिगृहात मी स्वयंपाकाला होते, मोठाल्या गंजांत भाजी ढवळून हात भरून यायचे. घरी आले की दीपूच्या पायाला शेक द्यायचा. सकाळी उठलं की आधी त्याच्या डोळ्यांत बघायचं, पिवळेपणा किती आहे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा घरात दुसरा कुठला तरी विषय निघत होता. साडी कुठल्या रंगाची, जेवण कुठं ठेवायचं.

साक्षगंध चार दिवसांवर आलं आणि थंडीची लाट आली. दीपूला थंडी चालत नव्हती. पाणी कमी प्यायला असेल, का पाहुण्यांसाठी खुर्च्या सांगायला सायकलवर गेला तेव्हा वारा लागला, काय माहीत. सकाळी उठला तोच मांड्या धरून. मग पाठ, मग छातीच्या फासळ्या. त्याला ओरडायची सवय नव्हती. तो उशीचा कोपरा दातांत धरायचा, आणि उशीचे कोपरे मी किती शिवले असतील त्याला गणती नाही.

जिल्ह्याच्या दवाखान्यात आम्हाला सगळे ओळखत होते. कॉट कोणती, सलाईनची शीर कोणत्या हाताची, सगळं ठरलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त फार उतरलं आहे, चढवावं लागेल. त्या वाकड्या पेशी लवकर फुटतात, नव्या बनायच्या आत जुन्या संपतात, म्हणून ही वेळ येते. आणि रक्तपेढीत त्याच्या गटाचं रक्त नव्हतं. कोणी असेल तर बोलवा म्हणाल्या.

संदेशला करुणानं नुसतं कळवलं होतं, बोलावलं नव्हतं. तो ड्युटी संपवून खाकी कपड्यांतच आला. गट तोच निघाला. मला केवढं बरं वाटलं सांगू. दीपूच्या कॉटजवळ वाकून तो म्हणाला, "साळेबुवा, आता माझ्या गाड्या सोडतो तुझ्या गल्लीत." दीपू तसल्या दुखण्यातही हसला. संदेश बाही वर करत रक्तपेढीकडे गेला, आणि मी कॉटच्या पायथ्याशी टेकले. मनात म्हटलं, आपल्याला एक माणूस मिळाला. आता सगळं एकटीनं ओढायला नको.

थोड्या वेळानं रक्तपेढीतली बाई वॉर्डाच्या दारात आली. मला हातानं बोलावलं.

"मावशी, तुमच्या पाहुण्यांचं रक्त नाही चालणार. ते वाहक आहेत."

"हौ ना," मी म्हटलं. "एसटीत आहे. आत्ता ड्युटीवरूनच आला."

मी हसतच होते. पाहुण्यांसमोर झालेली गंमत मला आठवली होती आणि तिला सांगावी म्हणून मी तोंडही उघडलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली, मला समजायची वाट बघत.

"एसटीतलं नाही म्हणत मी, मावशी," ती हळू म्हणाली. "सिकलच्या पेशंटला द्यायचं म्हणून आम्ही देणाऱ्याचं आधी तपासतो. तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. माझंही रक्त दीपूला कधी चाललं नव्हतं, करुणाचंही नाही. त्याच कारणानं.

संदेश बाहेर बाकावर बसला होता. हाताच्या वळणात कापसाचा बोळा धरून, कोपर दुमडून. तपासायला थोडंसं काढलं असेल तेवढंच. मला बघून उभा राहिला. "काकू, मले कधी काहीच त्रास नाही झाला," तो म्हणाला. "रक्त चांगलं आहे माझं. कॅम्पमध्ये दिलं आहे मी."

"चांगलंच आहे, बाबा," मी म्हटलं. "दुसऱ्या कोणालाही चालेल. दीपूला नाही चालत."

आणि करुणाला नाही चालत, हे मी बोलले नाही. त्याला ते कळलं. तो पुन्हा खाली बसला, आणि मीही त्याच बाकावर बसले. साडी घेतलेली होती. जेवणाचं सांगितलेलं होतं. मला त्याचा राग यायला पाहिजे होता, की रोज उद्यावर ढकललं. पण आला नाही. रागाला पण ताकद लागते.

दुपारी करुणा शाळेतून आली. तिला मीच सांगितलं, दीपूच्या कॉटजवळ. सुई दिली होती म्हणून त्याचे डोळे मिटलेले होते. ती शिकवल्यासारखं हळूहळू मला समजावायला लागली. आता पहिल्या तीन महिन्यांतच पोटातल्या बाळाचं तपासता येतं, नागपूरला पाठवतात म्हणे. तिनं सगळं वाचून ठेवलेलं होतं. मला वाटतं, जेव्हा संदेश तपासणी लांबवत होता तेव्हाच वाचून ठेवलं असेल.

"आणि निघालं तर?" मी विचारलं.

"तर नाही ठेवायचं."

"अन् पुन्हा निघालं तर? किती वेळा?" मी म्हटलं. "नाही, करुणा. असलं लेकरू आता आपल्या घरात नको. एकदा केलं मी. आता माझ्यानं होत नाही."

"म्हणजे मी निघालो तर पाडाल," दीपू म्हणाला.

डोळे मिटूनच म्हणाला. आवाजात काही राग नव्हता, नुसतं विचारल्यासारखं. करुणा उठून उभी राहिली. मी तसं नाही रे, तसं नाही, एवढंच म्हणत राहिले.

"तसंच आहे ना, आई. मी नाराज नाही झालो. विचारून राहिलो फक्त."

मी पाण्याची बाटली उचलली आणि बाहेर नळावर गेले. बाटली भरून वाहायला लागली तरी मी नळ बंद केला नाही. ज्याच्यासाठी माझी सगळी उमर गेली त्याच्याच कानात मी काय घातलं, ते मला तिथं नळाजवळ कळलं. रडू आलं, मनसोक्त रडले. दवाखान्यात कोणी विचारत नाही, तेवढं एक बरं असतं. मग तोंड धुऊन आत गेले.

आत जाऊन मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "ऐक. तू मला पाहिजे होतास. तुझं समजल्यावरही पाहिजेच होतास. आज या घडीलाही पाहिजे."

"माहीत आहे मले," तो म्हणाला. "ते कशाला सांगून राहिली?"

मी त्याला पाणी पाजलं. दोन घोट प्यायला आणि बहिणीकडे वळला. बोलताना त्याला दम लागत होता. "ताई, सगळे रक्ताला विचारतात. डॉक्टरला विचारतात. मले कोणी नाही विचारत. या आजारातलं मले जेवढं समजते तेवढं तुमच्यात कोणाले समजते?"

करुणा त्याच्याजवळ बसली. तिनं विचारलं, "सांग मग. काय करू मी?"

त्याच्या छातीत कळ आली होती ती जाऊ दिली.

"नको करू."

करुणाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "संदेश चांगला आहे रे."

"चांगला आहे म्हणूनच. वाईट असता तर तूच सोडला असता." त्यानं दम घेतला. "माझ्यासारखं पोर झालं तर होऊ दे, ताई. माझं काय, दुखते, मग थांबते. मधातले दिवस बरे जातात. पिक्चर पाहतो, मोबाईल खोलतो, तुझी गंमत करतो. मले मी आहो याचं वाईट नाही वाटत. पण आईचं कधी थांबलेलं पाहिलं का तू? मी झोपलो का ती जागी असते. मी हसलो का ती माझे डोळे पिवळे आहेत का ते पाहते. बारा महिने. माझ्यासारखं पोर मी पाहून घेईन. तू आईसारखी झाली तर मले नाही पाहवणार."

मी तिथंच उभी होते. बाटलीचं झाकण माझ्या हातात होतं आणि ते मला लावता येईना. इतकी वर्षं मी समजत होते की त्याला दिसत नाही. मी त्याच्यासमोर कधी सुस्कारा टाकला नव्हता. वसतिगृहातून आले की दाराबाहेर थांबून तोंड हसरं करायचे आणि मग आत जायचे. ते सगळं त्याला दिसत होतं.

संदेशशी करुणा स्वतःच बोलली. व्हरांड्यात दोघं उभे होते, मला खिडकीतून दिसत होते. काय बोलली ते मी तिला कधी विचारलं नाही. तो मान हलवत होता. शेवटी त्यानं कोपरातला कापूस काढला, इकडेतिकडे टाकायला जागा शोधली आणि सापडली नाही म्हणून खिशात ठेवला.

मामांना मी फोन केला. त्यांना माझं बोलणं पटलं नाही. म्हणाले, लग्नं काय रक्त बघून होतात का? मी म्हटलं, भाऊ, आमचं न बघता झालं.

दुसऱ्या दिवशी आगारातले तिघं जण दवाखान्यात आले, खाकीतच. संदेशनं पाठवले होते, तो स्वतः आला नाही. एकाचं जुळलं, आणि तपासणीतही चांगलं निघालं. ते रक्त थेंबथेंब दीपूच्या हातात उतरताना मी बघत बसले. संध्याकाळपर्यंत त्याच्या ओठांवर रंग आला. मला म्हणाला, "आई, आता माझ्या अंगात एसटीचं रक्त आहे. मी पण वाहक झालो." मी हसले. खोटं नाही, मनापासून हसले. त्याला हसवायला येत होतं.

करुणाचं लग्न पुढे झालं, आधी दोघांचे कागद बघून झालं, नांदते आहे. पण मला सांगायचं आहे ते दीपूला घरी आणलं त्या दिवसाचं.

बाजाराचा दिवस होता, गाडी भरलेली. मी दीपूला धरून चढवलं तेव्हा आत कोण आहे ते बघायला मला उसंत नव्हती. कोणा भल्या माणसानं दीपूला खिडकीची जागा दिली. मी वरचा दांडा धरून उभी राहिले, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत उशी. दवाखान्यातल्या जागरणानं डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "काकू, इथं बसा."

संदेश होता. दाराजवळच्या त्याच्या जागेवरून तो उठला होता. वर पाटीवर लिहिलेलं होतं. मी मान हलवली. कोणत्या तोंडानं बसणार होते मी तिथं? त्याचं साक्षगंध मोडून आठ दिवस झाले नव्हते.

दीपूनं खिडकीजवळून मान वळवून माझ्याकडे बघितलं. नुसत्या भुवया उडवल्या. मग मी बसले. बसल्यावर समजलं की माझे पाय किती दुखत होते.

पुढच्या फाट्यावर एक म्हातारबुवा कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन चढले. गाठोडं टेकवायला जागा नव्हती आणि संदेश तिकिटं फाडत उभा होता, म्हणून त्यांना माझाच राग आला. म्हणाले, "बाई, ते कंडक्टरची सीट आहे. वाचता येत नाही का?"

मी उठायला लागले. संदेशनं माझ्याकडे न बघताच हात आडवा केला.

"त्या वाहकच आहेत, बाबाजी," तो म्हणाला. "बसू द्या."

आणि त्यानं घंटी दोनदा वाजवली.